ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या व टाक्यांचे जोडकाम

जळगाव व धुळे जिल्ह्यांत हरभरा फुलोऱ्यावर येतो आणि पुढे घाटे भरू लागतात, त्या दोन वेळी पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. नेमकी तेव्हाच तुषार संचाची नळी फुटली, तर नुकसान नळीपुरते राहत नाही. हल्ली प्लॅस्टिकच्या नळ्या अधिक दिसतात. तथापि ज्यांच्यापाशी ॲल्युमिनियमच्या नळ्या व टाक्या आहेत, त्यांनी या धातूचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

लोखंड तापले म्हणजे लाल होऊन कारागिरास सूचना देते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेंटिग्रेडला, रंग न पालटता, एकाएकी ढासळते व भोक मोठे होते. शिवाय त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो २,००० अंशांच्याही वर वितळतो. हा थर न काढल्यास आतील धातू वितळूनही कडा एकजीव होत नाहीत.

म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. तेलकटपणा धुऊन काढावा. नंतर केवळ ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या, बिनगंजी पोलादाच्या तारेच्या ब्रशाने कडा घासून लगेच कामास लागावे.

२. गॅसने सांधताना ॲल्युमिनियमचाच फ्लक्स वापरावा. सांध्याशेजारी ॲसिटिलीनच्या ज्योतीने काजळी धरावी व नेहमीच्या ज्योतीने शेकावे. काजळी उडाली की भाग तापला असे समजून सावध व्हावे.

३. लांब सांध्यास प्रथम थोड्या थोड्या अंतरावर टाके द्यावेत, म्हणजे पत्रा वाकत नाही.

४. काम होताच फ्लक्स गरम पाण्याने घासून धुवावा. राहिलेला फ्लक्स धातू खातो.

आर्गॉन वायूच्या यंत्राने काम करावयाचे असल्यास आडोसा हवाच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा वाऱ्याच्या माळावर सांध्याचे रक्षण करणारा वायू उडून जातो व सांधा सच्छिद्र होतो.

इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते व ठिणगीने स्फोट होतो. तिला शेतात कधीही ज्योत लावू नये. औषध फवारणीची टाकी पूर्ण धुतल्याशिवाय तापवू नये; विषारी धूर निघतो. मोरचुदाचे द्रावण ॲल्युमिनियमच्या टाकीत ठेवूच नये, कारण ते पत्रा पोखरते.

कुशल कारागीर जवळ नसल्यास भोकावर रबराची पट्टी ठेवून वर क्लॅम्प आवळावा, पाण्याची पाळी उरकावी आणि मग नळी कार्यशाळेत न्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच नळ्या तपासून घेण्याचा आग्रह धरावा.