वेबवरचं टपाल घरच्या संगणकात
(घरचा संगणक : लेखमालेचा भाग ९)

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्या पुणेकरांनी इंटरनेट घेतलं, त्यांतल्या अनेकांना आपला पहिला ईमेल पत्ता आजही पाठ आहे. त्याच्या शेपटाला 'पीएन२' किंवा 'पीएन३' आणि पुढे व्हीएसएनएल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, त्यानंतर ते पुण्यात आलं. मोडेमवरून फोन जोडायचा, आउटलुक एक्स्प्रेसमध्ये किंवा युडोरात पत्रं उतरवून घ्यायची आणि लगेच फोन सोडायचा, कारण फोनचं बिल वाढत असे. वाचन आणि उत्तरं नंतर, निवांत. या काटकसरीतून सगळा पत्रव्यवहार आपसूक घरच्या संगणकात साठत गेला.

मग हॉटमेल आलं. सबीर भाटिया यांचं काही शालेय शिक्षण पुण्यातल्या बिशप्स शाळेत झालं. जॅक स्मिथ यांच्यासह त्यांनी ४ जुलै १९९६ रोजी ही सेवा सुरू केली. कुठल्याही सायबर कॅफेत बसा, ब्राउझर उघडा, पत्रं हजर. पाठोपाठ याहू, रेडिफमेल, आणि १ एप्रिल २००४ ला तब्बल एक जीबी जागा देणारं जीमेल. पत्रं उतरवून घ्यायची गरजच उरली नाही आणि सवयही गेली.

ही सवय पुन्हा लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. वेबवरचं खातं सोयीचं आहे, पण तिथले नियम आपण ठरवत नाही. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हा नियम अमलात आला आहे. वडील गेले, त्यांचा पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांची वीस वर्षांची पत्रं त्या खात्यात आहेत, अशी घरं आपल्या आसपास आहेत. शिवाय जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंतही वाटली जाते. मोबाइलमधल्या व्हिडिओंनी ती भरली की नवी पत्रं येणंच थांबतं.

खातं वेबवरचंच ठेवून घरच्या संगणकातला ईमेल प्रोग्रॅम त्याला जोडता येतो. थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम २००४ पासून उपलब्ध आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. जोडण्याचे दोन मार्ग. पॉप ही जुनी पद्धत सर्व्हरवरून पत्र उतरवून आणते. सर्व्हरवरची प्रत ठेवायची की पुसायची, हे तुम्ही ठरवता. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला घडवलेली आयमॅप पद्धत दोन्हीकडचं चित्र सारखं ठेवते. मोबाइलवर वाचलेलं पत्र संगणकावरही वाचलेलं दिसतं. आज बहुतेकांनी आयमॅपच घ्यावं.

जोडणी अवघड नाही. थंडरबर्डमध्ये नाव आणि पत्ता द्या. जीमेलचा सर्व्हर आणि त्याचं ९९३ क्रमांकाचं पोर्ट तो स्वतःच शोधतो. मग गूगलचं पान उघडतं, तिथे पासवर्ड देऊन परवानगी द्यायची. जुन्या प्रोग्रॅममध्ये नुसता पासवर्ड टाकून काम होत नाही, त्याचं कारण हेच. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो रस्ता ३० मे २०२२ पासून बंद करत आणला, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. मोठं खातं पहिल्यांदा पूर्ण उतरायला काही दिवस लागू शकतात. मध्येच थांबलं तर घाबरू नका.

जीमेलची एक खोड मात्र माहीत हवी. त्याची लेबलं थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून दिसतात आणि 'ऑल मेल' या फोल्डरात तीच पत्रं पुन्हा असतात. डिस्क लहान असेल तर 'ऑल मेल' उतरवणं बंद ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयमॅप जोडलं म्हणजे पत्रं सुरक्षित झाली, असा समज सर्रास आढळतो, आणि तो घातक आहे. दोन्हीकडचं चित्र सारखं ठेवायचं, तर सर्व्हरवर पुसलेलं पत्र घरच्या संगणकातूनही पुसलं जाणार. म्हणून थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये वर्षवार फोल्डर करा, एकेका वर्षाची पत्रं निवडा आणि उजव्या क्लिकने 'कॉपी टू' करा. 'मूव्ह टू' नको; त्याने पत्र सर्व्हरवरच्या त्या फोल्डरातून निघून जातं. लोकल फोल्डरातल्या प्रतीला सर्व्हर हात लावत नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांनी तर हे करायलाच हवं. महापालिकेशी, उपनिबंधक कार्यालयाशी, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, मानीव अभिहस्तांतरणाची कागदपत्रं, सगळं बहुधा एकाच मोफत खात्यात असतं आणि पासवर्ड सचिवांच्या मोबाइलमध्ये. समितीची मुदत पाच वर्षांची. नवी समिती आली की दप्तर, शिक्के, चेकबुक हवाली होतं, खातं मात्र कधी होतं, कधी राहून जातं. कार्यालयातल्या संगणकात थंडरबर्ड जोडून दर महिन्याला लोकल फोल्डरात प्रत घेतली, तर समिती कुणाचीही असो, पत्रं सोसायटीपाशी राहतात.

ही प्रत एकाच डिस्कवर असून भागत नाही. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग वायफाय बंद करून एखादं पाच वर्षांपूर्वीचं पत्र शोधून उघडा. पत्र उघडलं आणि जोडलेली फाइलही उघडली, तरच प्रत झाली म्हणायची.

मराठी पत्रांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोड रुळण्याआधी पुण्यातल्या मुद्रक-प्रकाशकांचा बराचसा मजकूर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या फाँटमध्ये जुळवलेला असे. त्या काळातल्या पत्राला जोडलेली फाइल नव्या संगणकावर उघडली, तर फाँट नसल्याने अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त फाँट हवा असतो. तो जुन्या संगणकात अजून असेल, तर संगणक भंगारात देण्याआधी फाँटच्या फाइल काढून पत्रांच्याच डिस्कवर ठेवा, आणि मोलाचा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदललेली प्रत मुळाशी एकदा ताडून पाहा. जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात.