घरातील ‘स्मार्ट’ स्विच : जोडणी, भार आणि मर्यादा

विजेचा साधा स्विच हा घरगुती विद्युत्-मंडलातील सर्वांत निष्क्रिय घटक होय. तार जोडणे आणि तार तोडणे एवढी दोनच कामे त्याच्याकडे असतात. बंद अवस्थेत तो काही घेत नाही, चालू अवस्थेत काही राखून ठेवत नाही. हा गुण इतका अंगवळणी पडलेला आहे, की त्याचा स्वतंत्र विचार करण्याचा प्रसंग घरात राहणाऱ्यावर किंवा तारतंत्र्यावर सहसा येत नाही. भ्रमणध्वनीवरून, वेळापत्रकानुसार किंवा तोंडी आज्ञेने चालणारा ‘स्मार्ट’ स्विच मात्र या गुणास मुकलेला आहे. आज्ञा केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे त्यास अहोरात्र जागे राहावे लागते, आणि जागे राहण्यासाठी वीज लागते. म्हणजे तो विजेचा नियंत्रक आहे, तसाच ग्राहकही आहे. या साधनाच्या जोडणीचे नियम, त्याचे नेहमीचे दोष आणि त्याच्या उपयुक्ततेच्या मर्यादा यांतील बहुतेक गोष्टी या एका द्विविध स्वभावातून निष्पन्न होतात, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रचना

दूरनियंत्रणाची कल्पना नवी नव्हे. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ साली ‘एक्स-१०’ ही पद्धती सिद्ध केली. तीत घरातील विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे संकेत पाठवले जात. प्रत्यावर्ती विद्युद्दाब शून्यातून जातो त्या क्षणी तारांवर गोंगाट कमी असतो, म्हणून संकेतासाठी तोच क्षण निवडलेला होता. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकी सोळा साधने, अशी २५६ स्थाने तीत सामावत. पुढे २०१४ साली ईएसपी-८२६६ ही वाय-फाय सामावून घेणारी अत्यंत स्वस्त चकती बाजारात आली आणि बिनतारी स्विच सामान्य घराच्या आवाक्यात आले.

आजच्या स्मार्ट स्विचचे तीन भाग पडतात. पहिला, २३० व्होल्ट दाबाचे ५ किंवा ३.३ व्होल्ट एकदिश दाबात रूपांतर करणारा पुरवठाविभाग. दुसरा, रेडिओ आणि सूक्ष्मनियंत्रक. तिसरा, प्रत्यक्ष भार जोडणारा रिले किंवा ट्रायॅक. स्मार्ट प्लगमध्ये हेच तीन भाग असतात. फक्त तो भिंतीतील सॉकेटवर बसतो आणि उपकरणाची पिन त्याच्यात बसते. त्यामुळे तारांना हात लावावा लागत नाही. नवशिक्याने प्लगपासून आरंभ करावा असे म्हणतात, त्याचे कारण हेच.

येथे प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जागा आणि खर्च वाचवण्यासाठी अनेक साधनांतील पुरवठाविभाग रोहित्राने विलग केलेला नसतो. म्हणजे आतील ३.३ व्होल्टचा ‘शून्य’ हा जमिनीच्या सापेक्ष २३० व्होल्टवर असू शकतो. असे साधन मुख्य पुरवठ्याला जोडलेले असताना त्याची मांडणी बदलण्यासाठी संगणकाची तार लावणे प्राणघातक ठरू शकते.

२. न्यूट्रलचा प्रश्न

स्विच फेजच्या तारेत घालावा, हा वायरिंगचा प्रथम नियम. त्यामुळे साध्या स्विचपाशी दोनच तारा पुरतात : येणारी फेज आणि दिव्याकडे जाणारी, स्विचमधून निघालेली तार. न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. ज्याला स्वतःसाठी प्रवाह हवा आहे अशा साधनाला मात्र हा प्रवाह परत नेणारी वाट हवी; म्हणून न्यूट्रल आवश्यक होते.

आपल्याकडील घरांत ही अडचण पुष्कळदा सौम्य असते. दिवे-पंख्यांचे स्विच ज्या बोर्डावर असतात त्याच बोर्डावर एखादे ६ अँपिअरचे सॉकेट बसवण्याची पद्धत येथे सर्रास आहे, आणि सॉकेटसाठी न्यूट्रल आणलेली असते. परंतु स्नानगृहाबाहेरचा एकट्या दिव्याचा स्विच किंवा जिन्यातील स्विच अशा ठिकाणी ती बहुधा मिळत नाही.

अशा जागी ‘न्यूट्रलविरहित’ म्हणून विकले जाणारे स्विच वापरतात. त्यांत चमत्कार काही नाही. दिवा बंद असताना हा स्विच दिव्यामधूनच काही मिलिअँपिअर प्रवाह ओढून आपली गरज भागवतो. ६० वॅटच्या तंतुदीपाचा रोध तापल्यावर सुमारे ८८० ओहम असतो आणि थंड असताना त्याहून पुष्कळच कमी. पाच मिलिअँपिअर प्रवाहाने त्यावर चार-साडेचार व्होल्टही पडत नाहीत. तंतू लालसुद्धा होत नाही. एलईडी दिव्याची गोष्ट वेगळी. त्याच्या चालकमंडलातील धारित्र हा अल्प प्रवाह साठवत राहते, दाब पुरेसा वाढताच दिवा क्षणभर चमकतो, धारित्र रिते होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. रात्री बंद दिवा लुकलुकतो ही तक्रार येथून उद्‌भवते. दिव्याला समांतर एक योग्य धारित्र जोडून या प्रवाहाला दुसरी वाट देणे हा त्यावरील उपाय होय.

न्यूट्रल नाही म्हणून दोन आडमार्ग शोधले जातात. दोन्ही त्याज्य आहेत. पहिला, अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरणे. साधन चालते, आणि तेच या मार्गातील मोठे आमिष होय. परंतु अर्थिंगची तार केवळ दोषप्रवाहासाठी राखलेली आहे. प्रत्येक स्विचचे काही मिलिअँपिअर तीत साचत गेले, की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कारणाशिवाय पडू लागतो. १५ मिलिअँपिअरच्या पुढे तो केव्हाही पडू शकतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की ती तार पुढे कोठे तुटली तर तिला जोडलेल्या सर्व उपकरणांची धातूची आवरणे स्विचमधील मंडलाद्वारे फेजशी जोडली जातात. दुसरा आडमार्ग म्हणजे शेजारच्या मंडलातून न्यूट्रल उसनी आणणे. दोन मंडले दोन वेगळ्या आरसीसीबींवर असतील, तर एकातून गेलेला प्रवाह दुसऱ्यातून परततो, दोहोंचा तोल बिघडतो आणि दोन्ही पडतात. शिवाय एक एमसीबी बंद करून काम करणाऱ्या माणसाच्या हातात, मृत समजलेल्या तारेतून, दुसऱ्या मंडलाचा प्रवाह येऊ शकतो.

३. भाराचे स्वरूप

साधनावर ‘१० अँपिअर’ असे छापलेले असते, ते सामान्यतः शुद्ध रोधी भारासाठी. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर, तर ३ किलोवॅटचा १३ अँपिअर घेतो. यास्तव गीझर, इस्त्री व वातानुकूलक यांना १६ अँपिअर क्षमतेचेच साधन, त्याच क्षमतेच्या सॉकेटवर वापरले पाहिजे. आकाराने बसते म्हणून लहान प्लग लावणे म्हणजे तापणाऱ्या जोडावर विसंबणे होय.

एलईडी दिव्यांचा वॅटांक लहान असला, तरी चालू करतेक्षणी त्यांची रिती धारित्रे अत्यल्प काळ फार मोठा प्रवाह ओढतात. अनेक दिवे एका रिलेवर असतील तर त्याचे स्पर्शक वितळून चिकटण्याचा संभव असतो; मग आज्ञा ‘बंद’ची आणि दिवा चालूच, अशी अवस्था होते. दाब शून्य असतानाच स्पर्शक मिळवणारी साधने या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरतात. पंप व पंखा यांच्या बाबतीत अडचण उलट टोकाची आहे. प्रवर्तक भाराचा प्रवाह तोडताना स्पर्शकांत ठिणगी पडते.

छताच्या पंख्याची गती दिव्यासाठी केलेल्या मंदकाने कमी करू नये. मोटार गुरगुरते आणि तापते. धारित्रे पायरीपायरीने बदलणारा नियंत्रकच तेथे योग्य. बीएलडीसी पंख्यांत गतिनियंत्रणाचे मंडल आतच असल्याने त्यांना बाहेरचा कोणताही नियंत्रक लावू नये. त्यांना अखंड पुरवठा द्यावा.

४. जोडणीचा क्रम

हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घेणे इष्ट. तथापि त्याचा क्रम प्रत्येकास ठाऊक असावा. प्रथम त्या मंडलाचा एमसीबी, आणि शंका असल्यास मुख्य स्विच, बंद करावा. नंतर बोर्ड उघडून प्रत्येक तारेवर दाब नाही याची मापकाने खात्री करावी, आणि तो मापक आधी एखाद्या जिवंत बिंदूवर तपासून घ्यावा. केवळ निऑनच्या टेस्टरवर भिस्त ठेवू नये. रंगांवरही विसंबू नये. न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी हा येथील रूढ संकेत असला, तरी जुन्या घरांत हाताशी होती ती तार वापरलेली आढळते. तारांना खुणा करून जुन्या जोडणीचे छायाचित्र घेणे श्रेयस्कर.

फेज साधनाच्या प्रवेशबिंदूस, न्यूट्रल तिच्या बिंदूस आणि भाराची तार निर्गमबिंदूस घट्ट कसावी. जोड सैल राहिला तर रोध वाढतो, रोधाने उष्णता आणि उष्णतेने जोड अधिक सैल, असे दुष्टचक्र सुरू होते. डबीत साधन कोंबून बसवू नये. धातूची डबी रेडिओलहरी अडवते, हेही पाहावे. कोकणातील ओलसर भिंतींत किंवा पावसाच्या झोताखालील गॅलरीत असे साधन बसवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

एक नियम निरपवाद मानावा. स्मार्ट स्विच ‘बंद’ असणे म्हणजे मंडल तुटलेले असणे नव्हे. त्यातून अल्प प्रवाह झिरपत असतो, आणि दुसऱ्या खोलीतील किंवा दुसऱ्या गावातील व्यक्ती तो केव्हाही चालू करू शकते. म्हणून दिवा बदलताना किंवा पंखा उतरवताना एमसीबीच बंद केला पाहिजे.

तसेच, वीज जाऊन परत आल्यावर साधनाने कोणती अवस्था घ्यावी हे आरंभीच ठरवून द्यावे. दिव्यासाठी ‘पूर्वीची अवस्था’ चालेल. गीझर, इस्त्री व पंप यांसाठी ‘बंद’ हीच अवस्था निश्चित करावी. घरी कोणी नसताना परतलेल्या विजेने इस्त्री तापू लागणे ही काल्पनिक आपत्ती नव्हे.

५. बचतीचे गणित

या साधनांची शिफारस वीजबचतीच्या नावाने केली जाते. ती तपासून पाहिली पाहिजे. एखादा स्विच सतत अर्धा वॅट घेतो असे मानू. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वार्षिक खर्च ४.३८ युनिट. असे वीस स्विच असतील तर ८७.६ युनिट. चालू अवस्थेत रिलेचे वेटोळे आणखी थोडी वीज घेते, ते वेगळेच.

आता ९ वॅटच्या एलईडी दिव्यावर हा स्विच बसवला, तर आपलाच खर्च भरून काढण्यासाठी त्याने वर्षात सुमारे ४८७ तास, म्हणजे रोज एक तास वीस मिनिटे, दिवा विनाकारण जळण्यापासून वाचवला पाहिजे. नीटनेटक्या घरात हे संभवत नाही. याउलट २ किलोवॅटच्या गीझरवर संपूर्ण वर्षात दोन तास अकरा मिनिटांचा तापनकाल वाचला, तरी खर्च भरून निघतो. मात्र तापमान गाठल्यावर गीझर स्वतःच थांबतो. म्हणून तो चालू राहिलेला सर्व वेळ तापनकालात धरणे चूक होईल.

निष्कर्ष असा, की बचतीसाठी ही साधने थोड्या, मोठ्या आणि विस्मरणशील भारांवर बसवावीत. दिव्यांवर ती बसवायची असतील तर सोयीसाठी बसवावीत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास किंवा हालचालीस अडथळा असलेल्या व्यक्तीस ही सोय फार मोलाची आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. त्यास बचतीचे नाव देण्याची गरज नाही.

६. पराधीनतेचा प्रश्न

आज्ञा स्विचपर्यंत कोणत्या वाटेने येते, यावर त्याची विश्वसनीयता अवलंबून असते. पुष्कळ वाय-फाय साधनांत दोन हातांवरील दिव्याची आज्ञा परदेशातील सर्व्हरला वळसा घालून येते. तो सर्व्हर थांबला तर काय होते याची उदाहरणे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह हे गृहनियंत्रक केंद्र मे २०१६ मध्ये त्याच्या मालकांनीच निकामी केले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीची सेवा पूर्वसूचनेशिवाय बंद पडली आणि जून महिन्यात नव्या मालकांनी ती पुन्हा सुरू केली. दरम्यान भिंतीवरील बटणे चालत होती; जे सर्व्हरवर अवलंबून होते ते थांबले होते.

धोक्याची दुसरी बाजू २०१६ सालीच दिसली. मिराई या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द न बदललेले लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजी डिन या संस्थेवर त्यांकरवी हल्ला करून अनेक प्रमुख संकेतस्थळे ठप्प केली. स्विच हेही त्याच वर्गातील लहान संगणक आहेत. शिवाय, दिवे केव्हा लागतात आणि केव्हा मालवतात याची नोंद म्हणजे घरात माणसे केव्हा असतात याचीच नोंद होय.

यास्तव घरातल्या घरात आज्ञा पोहोचवणारी पद्धती निवडावी. झिग्बी व झेड-वेव्ह यांची साधने स्थानिक केंद्राद्वारे चालू शकतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेले ‘मॅटर’ हे समान मानक स्थानिक संपर्कावरच आधारलेले आहे, आणि भिन्न उत्पादकांची साधने एकमेकांशी जुळावीत हा त्याचा उद्देश आहे. परवलीचे शब्द बदलावेत. मुख्य म्हणजे भिंतीवरील हाताने चालणारे बटण कधीही काढून टाकू नये. पाहुण्याला, लहान मुलाला आणि वीज गेल्यावर अंधारात चाचपडणाऱ्या प्रत्येकाला तेच उपयोगी पडते.

७. अभ्यासाची दिशा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अल्प साहित्यात करता येण्याजोगे एक मापन सुचवावेसे वाटते. स्वस्त साधनांच्या पुरवठाविभागात कधी केवळ एक धारित्र मालिकेत घालून दाब उतरवलेला असतो. ०.४७ मायक्रोफॅरड धारित्राचा ५० हर्ट्‌झला प्रतिरोध सुमारे ६,७७० ओहम. त्यातून ३४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. केवळ अँपिअरमापकावर विसंबल्यास ७.८ व्होल्ट-अँपिअर हीच खरी शक्ती भासेल; प्रत्यक्षात शक्तिगुणक फार लहान असल्याने ती पुष्कळच कमी असते. म्हणून निरनिराळ्या साधनांचा अखंड भार शोधताना दाब व प्रवाह यांच्या तात्कालिक मूल्यांचा गुणाकार करून सरासरी काढली पाहिजे. मापन विलगक रोहित्रामार्फत आणि मार्गदर्शकाच्या उपस्थितीतच करावे.

स्विच निवडणाऱ्याने, बसवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. त्यास वीज कोणत्या वाटेने मिळते व कोणत्या वाटेने परतते? तो स्वतः किती घेतो व त्या मोबदल्यात किती वाचवतो? आणि दूरची यंत्रणा थांबली तर तो हाताने चालतो काय? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच जुना निष्क्रिय स्विच काढून त्याच्या जागी हा नवा ग्राहक घरात घेणे समर्थनीय ठरेल.