मोटरसायकलचं इंजिन, मोटारीचा भार

यामाहाची आर-वन १९९८ साली बाजारात आली. ९९८ सीसीचं इंजिन, दीडशेच्या घरात अश्वशक्ती, आणि इंजिन-गिअरबॉक्स मिळून दोन माणसांनी उचलावं एवढंच वजन. पुढच्याच वर्षी सुझुकीची हायाबुसा आली, सुमारे १३०० सीसीची आणि त्याहूनही ताकदवान. ब्रिटनमध्ये स्वतःच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं मोटार बांधणाऱ्यांची एक जुनी जमात आहे. अपघातात निकामी झालेल्या मोटरसायकलींची ही इंजिनं त्यांनी आपल्या गाड्यांत बसवायला घेतली.

या छंदाचं मूळ कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनमध्ये आहे. १९५७ साली आलेली ही गाडी सुट्या भागांत विकत मिळे; घरी जोडली की खरेदीकर वाचे. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं आणि ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे असा कोणीही चौकोनी नळ्या कापायला लागला. अशा गाडीचं वजन पाचशे किलोच्या आत राहतं. त्यात मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन बसवलं की तिच्यापुढे भल्या भल्या महागड्या गाड्या मागे पडतात. वेस्टफिल्डनं हायाबुसाचं इंजिन घालून ‘मेगाबुसा’ काढली, ती याच वेडातून.

वेग मिळाला. बॅटरी मात्र उतरायला लागली.

ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिला नशिबाचा भाग समजणं चूक ठरेल. दोष बहुधा वायरिंग करणाऱ्याच्या हातात नसतो, हिशोबात असतो. मोटरसायकल बनवणाऱ्यानं विजेचा जमाखर्च मोटरसायकलपुरता मांडलेला असतो. आपण त्याच जमेवर मोटारीचा खर्च टाकतो.

जमेची बाजू आधी. मोटारीचा अल्टरनेटर पट्ट्यावर, इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट वेगानं फिरतो. त्याचं चुंबकत्व कॉइलमधून येतं, त्यामुळे लागेल तेवढीच वीज बनवता येते. सत्तर-शंभर अँपिअर ही तिथे साधी गोष्ट. मोटरसायकलीत क्रँकच्या टोकाला कायमचे मॅग्नेट असतात आणि त्यांच्या आत स्टेटरची कॉइल. पट्टा नाही, ब्रश नाही, वजन नाही, आणि वाढवायची सोयही नाही. मोठ्या स्पोर्ट्स बाइकचा स्टेटर पाच हजार फेऱ्यांना साधारण साडेतीनशे-चारशे वॉट देतो, म्हणजे चौदा व्होल्टला पंचवीस-अठ्ठावीस अँपिअर. इंजिन आयडलिंगला आलं की याच्या निम्मंही हाती लागत नाही.

आता खर्च. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॉटचे, म्हणजे ११०. पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे दिवे मिळून २५. इग्निशन, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचे साठ-सत्तर. इंधन पंपाचे पन्नासेक. रेडिएटरच्या पंख्याचे शंभर. इथेच साडेतीनशे वॉट झाले. ब्रेकवर पाय ठेवला की २१ वॉटचे दोन दिवे लागतात. पाऊस आला की वायपरचे चाळीस-पन्नास, धुकं पडलं की मागच्या फॉग लॅम्पचे २१. ब्रिटनच्या हवेत पाऊस, धुकं आणि अंधार एकाच संध्याकाळी भेटणं ही रोजचीच गोष्ट. गाडी सिग्नलला थांबते तेव्हा पंखा, दिवे, ब्रेक लाइट सगळं चालू असतं आणि इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर असतं. मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच पुरवठा सर्वांत कमी. उरलेली वीज बॅटरीतून जाते, आणि ती बॅटरीही बाइकचीच, आठ-दहा अँपिअर-तासांची. दोन-तीन लांब सिग्नल आणि एखादा वाहतूक खोळंबा तिला पुरतो.

यापेक्षा अवघड प्रकरण उष्णतेचं आहे. स्टेटरचे मॅग्नेट कायमचे असल्यामुळे तो फेऱ्यांप्रमाणे वीज बनवतच राहतो, ती हवी असो वा नसो. व्होल्टेज आवरणारा जुन्या धाटणीचा रेग्युलेटर-रेक्टिफायर ही जादा वीज थायरिस्टरमधून शॉर्ट करतो. सगळं काम उष्णतेत संपतं, काही रेग्युलेटरच्या डब्यात, काही स्टेटरच्या कॉइलमध्ये. बाइकवर हा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा डबा वाऱ्यात बसतो. गाडीत जागा मिळेल तिथे, बहुतेक वेळा रेडिएटरच्या मागे किंवा एक्झॉस्टजवळच्या पत्र्यावर बसवला जातो, जिथे वारा येतो तोच तापून. मग तो मरतो. मरतानाही त्याच्या दोन तऱ्हा असतात: चार्जिंग बंद पडतं, किंवा व्होल्टेज पंधराच्या वर चढून बॅटरी आणि ईसीयू दोघांनाही घेऊन जातं. हलकी लिथियम बॅटरी लावणाऱ्यांनी दुसऱ्या शक्यतेची धास्ती धरलीच पाहिजे.

स्टेटरपासून रेग्युलेटरकडे तीन वायरी जातात, अनेक जपानी बाइकमध्ये पिवळ्या. त्यांच्यामधला पांढरा कपलर एकदा उघडून पाहावा. आजारी गाडीत तो तपकिरी झालेला दिसतो, एका पिनेभोवती प्लास्टिक वितळून आत ओघळलेलं असतं, आणि ती पिन निळसर काळी पडलेली असते. सैल पिनेचा रोध वाढतो, रोधानं ती तापते, तापून आणखी सैल होते. नवा रेग्युलेटर याच कपलरला जोडला तर तोही फार दिवस टिकत नाही.

अर्थिंगचं दुखणं वेगळं आहे आणि ते गाडी बांधतानाच जन्माला येतं. बाइकचं इंजिन फ्रेमला सरळ बोल्टनं आवळलेलं असतं. गाडीत ते रबरी माउंटवर बसतं, चॅसिसवर पावडर कोटिंगचा थर असतो, आणि दिवे फायबरग्लासच्या बॉडीत, ज्यातून वीज वाहतच नाही. बॅटरी मागे हलवलेली असेल तर सेल्फच्या जाड केबलची लांबी वाढते. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूपर्यंत मीटर लावून बघावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बदलावं. काही रेग्युलेटरना व्होल्टेज जोखण्यासाठी स्वतंत्र वायर असते. ती लांबच्या, बारीक वायरिंगला जोडली तर रेग्युलेटरला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा कमी भासतं आणि तो बॅटरीला जास्त चार्ज करत सुटतो. ही चूक शोधायला लोकांचे आठवडे जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक लहानशी गोष्ट राहू नये म्हणून सांगतो. बाइकमध्ये पडल्यावर इंजिन बंद करणारा टिप-ओव्हर सेन्सर असतो. तो आडवा किंवा उलटा बसवला तर गाडी सुरूच होत नाही, आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत राहतो.

आणि रिव्हर्स. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये तो नसतो, पण ४१० किलोपेक्षा जड मोटार मागेही जाता आली पाहिजे असा ब्रिटिश नियम आहे. काहीजण यांत्रिक रिव्हर्स बॉक्स बसवतात, काही एक वेगळी सेल्फ मोटर लावून प्रोपेलर शाफ्ट उलटा फिरवतात. या मोटरीला लागणारा करंट सेल्फच्याच तोडीचा. छोट्या बॅटरीवर हा उपाय करायचा असेल तर पार्किंगची जागा नीट निवडावी लागेल.

उपाय आहेत, आणि माझ्या मते त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खर्च कमी करावा. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एलईडीचे केले की बरीच वीज वाचते. इंडिकेटरसाठी फ्लॅशर रिलेही बदलावा लागतो, नाहीतर दिवा घाईघाईनं लुकलुकतो. हेडलाइटला मात्र मान्यताप्राप्त पूर्ण एलईडी युनिटच घ्यावं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला तर समोरच्याचे डोळे दिपतात. रेडिएटरभोवतीच्या फटी बंद करून सगळी हवा त्याच्या जाळीतूनच जाईल असं केलं तर पंखा निम्मा वेळ बंद राहतो. मग रेग्युलेटर वाऱ्यात आणावा. जमल्यास जादा वीज शॉर्ट करण्याऐवजी सर्किटच तोडणारा सीरिज प्रकारचा बसवावा, म्हणजे स्टेटरही थंड राहतो. एवढं करूनही जमा कमी पडली, तरच वेगळ्या अल्टरनेटरचा विचार. प्रोपेलर शाफ्टवरून चालवलेला अल्टरनेटर सोपा वाटतो, पण गाडी थांबली की तोही थांबतो, आणि आपली अडचण तर थांबलेल्या गाडीचीच होती.

आपल्याकडे हे कोडं दरवर्षी सोडवतात ती इंजिनिअरिंगची मुलं. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी ती एकआसनी रेसिंग कार बांधतात, आणि त्यांतल्या अनेकींत चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन असतं. एका सिलिंडरच्या इंजिनाचा स्टेटर आणखीच लहान, त्यावर पंखा, पंप, ईसीयू आणि डेटा लॉगर. साधारण बावीस किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीत मध्यावर चालक बदलतो. तेव्हा इंजिन बंद करावं लागतं, आणि तापलेलं इंजिन ठरलेल्या वेळात पुन्हा सुरू झालं नाही तर शर्यत तिथेच संपते. म्हणून शर्यतीआधी ही मुलं वर्कशॉपमध्ये गाडी तापवून, पंखा चालू ठेवून, इंजिन बंद करून पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघतात, आणि दर वेळी बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहितात.