महाबळेश्वरचा लहरी आठवडा आणि आपला ऊस



दिवाळी सरते, तुळशीची लग्ने लागतात, गव्हाणीत मोळी पडते आणि आपला गळीत हंगाम सुरू होतो. नेमक्या याच दिवसांत गट ऑफिसात ठरलेले बोलणे कानावर येते. एक सभासद म्हणतो, "साहेब, वर महाबळेश्वरला आभाळ भरलंय. माझा ऊस आधी न्या की!" दुसरा म्हणतो, "थंडी गेली बघा, आता उतारा पडणार." तिसरा काही बोलत नाही. तो घरी जाऊन मोटर चालू करतो. पाऊस येणारच आहे, तोवर आपणही एक पाणी देऊन टाकू, तेवढेच वजन, असा त्याचा हिशेब.

तिघांचेही आभाळाकडे लक्ष आहे, ही गोष्ट चांगलीच. पण आभाळ पाहणे वेगळे आणि आभाळाचा अर्थ लावणे वेगळे. कार्तिकात महाबळेश्वरची हवा एका आठवड्यात तीन तऱ्हा दाखवते. ती तशी का बदलते आणि तिचा आपल्या फडातल्या उसाशी काय संबंध, हे या लेखात सांगायचे आहे.

डोंगरावरचे गाव

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसलेले आहे. पश्चिमेला पाऊल टाकले की कडा तुटतो आणि खाली सावित्रीचे खोरे व कोकण. पूर्वेला उतरले की कृष्णेचे खोरे, धोमचे धरण, वाई आणि पुढे आपला मुलूख. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात मानतात. आपल्या पाटाला येणारे पाणी तिथूनच निघते, म्हणून त्या गावाशी आपले नाते जुने आहे.

पावसाळ्यात तिथे साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणी तिथून जेमतेम वीस कि.मी., पण तिथे पाऊस निम्म्याहूनही कमी. बत्तीस कि.मी. वर खाली वाई, तिथे त्याहून फार कमी. कारण साधे आहे. समुद्रावरून आलेला ओला वारा कड्याला आदळून वर चढतो, वर गेला की थंड होतो आणि आपले पाणी तिथेच टाकतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत तो बराचसा कोरडा झालेला असतो.

पावसाळ्यातला हा खेळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. कार्तिकातला खेळ मात्र निराळा. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोसमी वारा महाराष्ट्रातून माघारी जातो आणि उत्तर व ईशान्य बाजूचा कोरडा वारा सुरू होतो. पण हा नवा वारा अजून नीट बसलेला नसतो. मधूनच दक्षिण आणि आग्नेय बाजूने ओली हवा घुसते. या दोहोंच्या ओढाताणीत जो आठवडा सापडतो, तो लहरी आठवडा.

आठवडा कसा जातो

असा आठवडा दरवर्षी एक-दोनदा तरी येतोच. त्याचा क्रम साधारण पुढीलप्रमाणे असतो.

पहिले दोन दिवस आकाश निरभ्र. महाबळेश्वरला पहाटे गारठा, दिवसा लख्ख ऊन. सकाळी केट्स पॉइंटवर उभे राहून खाली पाहिले तर वाईकडचे खोरे पांढऱ्या धुक्याने काठोकाठ भरलेले दिसते. वर ऊन आणि खाली दुधाचे तळे. नऊ-दहा वाजता ते धुके विरते.

तिसऱ्या दिवशी उंचावर पातळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात. वाऱ्याची दिशा फिरते. रात्री नेहमीचा गारठा जाणवत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मळभ दाटते. आता धुके खाली नसते, वर असते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. खालून आपण ज्याला ढग म्हणतो, त्याच ढगात वरचे गाव बुडालेले असते. मधून भुरभुर, एखादी सर. स्ट्रॉबेरीवाले शेतकरी चिंतेत, कारण ओल्या हवेत फळ-फुलावर बुरशी येते.

सहाव्या दिवशी वारा पुन्हा उत्तरेकडून येतो आणि ढग फाटतात. सातव्या दिवशी पहाटे गारठा पहिल्यापेक्षा जास्त, आणि खालच्या खोऱ्यात धुकेही जास्त, कारण जमिनीत ओल शिल्लक असते.

असे का होते?

ऑक्टोबर ते डिसेंबर हा तामिळनाडूकडचा पावसाळा. या काळात बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, क्वचित त्यांचे चक्रीवादळ होते. असे क्षेत्र तिकडे दूर असले तरी ओली हवा आपल्या बाजूला ढकलते. ती सह्याद्रीवर चढली की ढग आणि धुके.

कधी तर वादळ दारातच येते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस महा अशी दोन वादळे अरबी समुद्रात एकामागोमाग झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती आली नाहीत, तरी त्या दिवसांतल्या पावसाने काढणीला आलेली पिके शेतातच भिजली. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखीने तसाच अवकाळी पाऊस दिला. तेव्हा कार्तिकातले आभाळ म्हणजे थट्टा नव्हे. पण प्रत्येक आभाळ म्हणजे वादळही नव्हे. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ते निघून जाते.

दोन धुकी, दोन अर्थ

आता मुद्द्याची गोष्ट. धुके दोन प्रकारचे असते आणि दोघांचा अर्थ उलट असतो.

रात्री जमीन आपली दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडून देते. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल तर ही ऊब भराभर निघून जाते. जमीन गार पडते, तिला लागलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्याने उतारावरून ओघळत खाली जाऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. तिथे दव पडते, धुके धरते. म्हणून खोऱ्यात धुके आणि वर निरभ्र आकाश, म्हणजे रात्र थंड.

ढग आले की ते घोंगडीचे काम करतात. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवले की दूध लवकर निवत नाही, तसेच हे. जमिनीची ऊब ढगाखालीच अडकते. म्हणून डोंगरावर धुके आणि खोऱ्यावर मळभ, म्हणजे रात्र उबदार.

इथे पुष्कळांची फसगत होते. ढगाळ दिवशी ऊन नसते, वारा बोचतो, माणूस दुपारीही शाल घेतो आणि म्हणतो, "काय थंडी पडली!" पण ती दिवसाची थंडी. रात्रीचे तापमान त्या दिवसांत उतरतच नाही. उसाला हिशेब रात्रीच्या थंडीचा असतो.

दुसरी फसगत अशी की, महाबळेश्वर उंच, म्हणून तिथे नेहमीच आपल्यापेक्षा जास्त थंडी. दिवसा हे खरे. पण निरभ्र रात्री गार हवा खाली ओघळते, त्यामुळे कित्येकदा खोऱ्यातली पहाट डोंगरमाथ्यापेक्षा थंड असते. हिवाळ्यात "पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड" अशी बातमी आपण वाचतो, तिचे एक मोठे कारण हेच. खुद्द महाबळेश्वरात सुद्धा हिवाळ्यात दवाचे हिमकण होतात ते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात, गावातल्या उंचवट्यावर नव्हे. तेव्हा तुमच्या उसाला थंडी मिळते की नाही, हे तुमच्या फडातच पाहिले पाहिजे.

उसात काय घडते?

उसाचे पान उन्हात साखर तयार करते. ही झाली जमा. ऊस वाढत असेल तर ती साखर नवी कांडी, नवे पान धरण्यात वापरली जाते. हा झाला खर्च. हवा उबदार, पाणी भरपूर आणि नत्र हाताशी असले की खर्च जोरात चालतो आणि शिल्लक कमी पडते.

थंडी पडली, पाणी तुटले की वाढ थांबते. पण दिवसा लख्ख ऊन असल्याने पान साखर करतच राहते. खर्च बंद आणि जमा चालू, म्हणून शिल्लक कांड्यात साठते. आधी बुडख्याकडची कांडी भरतात, मग वरची. यालाच आपण ऊस पिकला म्हणतो. कोल्हापूर, सांगली, सातारा भागाचा उतारा देशात चांगल्यात गणला जातो, त्यामागे जमीन, जात आणि मेहनत यांच्या जोडीने या थंड रात्री आणि स्वच्छ उन्हाचाही मोठा वाटा आहे.

आता लहरी आठवड्यात काय होते पाहा. दिवसा ऊन नाही, म्हणजे जमा घटली. रात्री थंडी नाही, म्हणजे खर्च चालूच. पिकणे थबकते. दोन-तीन दिवसांच्या नुसत्या मळभाने फार बिघडत नाही, पुन्हा थंडी पडली की गाडी रुळावर येते. पण चांगला पाऊस लागला, किंवा आपणच पाणी दिले, तर ऊस परत वाढीला लागतो आणि साठवलेली साखर खर्ची पडते.

वजन एकाचे, तोटा सर्वांचा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्याच्या वर उताऱ्यात प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. एकरी ४० टन ऊस धरला तर नुसत्या ०.१ टक्क्याने एकरामागे १,३८४ रुपयांचा फरक पडतो.

हा उतारा एकट्या सभासदाचा मोजला जात नाही, सबंध कारखान्याचा मोजला जातो. म्हणजे तोडीच्या तोंडावर पाणी भरून एकाने वजन वाढवले, तर त्याचे वजन त्याच्या बिलात जाते आणि पडलेला उतारा सगळ्यांच्या बिलात. ज्याने आठ दिवस पाणी आवरले, त्याच्या खिशातूनही ते जाते. हे काही सहकाराला धरून नाही. रागावून नव्हे, घरातल्यांना सांगावे तसे सांगतो आहोत.

मग करावे काय?

एक. तोडीआधी साधारण १० ते १५ दिवस पाणी बंद ठेवावे. भारी काळ्या जमिनीत त्याहून थोडे आधी तोडले तरी चालते. आभाळ आले म्हणून मध्येच पाणी देऊ नये. उलट ढगाळ हवेत उसाची पाण्याची गरज कमीच असते.

दोन. पावसाच्या भीतीने टोळीकडून जादा ऊस तोडून ठेवू नये. उभा ऊस पावसात भिजला तरी टिकतो. तुटलेला ऊस फडात पडला की वजनही घटते आणि साखरही मोडते. तुटल्यापासून चोवीस तासांत तो गव्हाणीत पडलाच पाहिजे. जेवढी गाडी उचलेल तेवढाच तोडायचा, हे मुकादमाला बजावून सांगा.

तीन. पावसानंतर वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली फडात घालण्याची घाई नको. ओल्या रानात चाकोऱ्या पडतात, जमीन दबते आणि पुढच्या खोडव्याचे कोंब मार खातात. एका दिवसाच्या घाईचा दंड वर्षभर भरावा लागतो.

चार. ऊस पिकला की नाही हे भीतीवरून नव्हे, तपासून ठरवावे. शेतकी मदतनीसाजवळ हात-रिफ्रॅक्टोमीटर असतो. बुडख्याचा आणि शेंड्याकडचा रस पाहावा. दोन्हीकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला तर ऊस तयार. शेंड्याकडे बराच कमी असेल तर त्याला अजून चार थंड रात्री हव्यात, असे समजावे.

पाच. घरटी एक साधा थर्मामीटर घ्या. सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, छातीइतक्या उंचीवर टांगा. उजाडायच्या सुमारास तापमान पाहून वहीत लिहा. शेजारी दव, धुके, मळभ यांची नोंद करा. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम हौसेने करील. हवामान खात्याचा अंदाज आता मोबाईलवर रोज मिळतो, तोही जरूर पाहा. पण अंदाज जिल्ह्याचा असतो, वही तुमच्या फडाची असते.

तेव्हा यापुढे महाबळेश्वरच्या माथ्यावर आभाळ दिसले की गट ऑफिसकडे धावण्याआधी दोन पहाटा थांबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माथा मोकळा दिसेल आणि आपल्या खोऱ्यात धुके उतरेल. बांधावर गेल्यावर धोतराचा सोगा दवाने ओला झाला, पाचटावर पाण्याचे थेंब चमकले, की समजा उसाची शिल्लक पुन्हा वाढू लागली. त्या वेळी मोटरीचे बटण बंद असू द्या, एवढीच सर्व सभासदांना विनंती.

— शेतकी विभाग