पाचगणीचा पियानो, लंडनची तबकडी

सातारा जिल्ह्याच्या दप्तरात रॉक संगीताची नोंद कधी करावयाची झालीच, तर ती पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेपासून करावी लागेल. १९५८ च्या सुमारास तेथील वसतिगृहातल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद उभारला. त्यात ब्रूस मरे गात असे, डेरिक ब्रांच गिटार आणि फरंग इराणी बास सांभाळीत, ड्रमवर व्हिक्टरी राणा असे, आणि पियानोवर झांझिबारहून शिक्षणासाठी धाडलेला फारोख बलसारा. पुढे राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, इराणींनी पुण्यात सिझलर्सचे उपाहारगृह थाटले, आणि ज्याच्या वाट्याला मुख्य गायकाची जागा आली नव्हती तो फारोख जगाचा फ्रेडी मर्क्युरी झाला. हेक्टिक्सची तबकडी मात्र एकही निघाली नाही. शालेय समारंभांतील टाळ्यांवरच त्यांची कारकीर्द संपली.

फ्रेडीच्या ‘क्वीन’ची पहिली तबकडी, ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’, मी सांगलीतील एका स्नेह्यांच्या घरी निवांतपणे ऐकली. सुई टेकताच प्रथम गिटारच्या दाबून धरलेल्या तारांची खरखर येते आणि ती वावटळीप्रमाणे फिरू लागते. एकच मुद्रण दोन यंत्रांवर किंचित मागेपुढे चालविले म्हणजे हा चक्राकार परिणाम साधतो. ती गिटार ब्रायन मे याने आपल्या वडिलांच्या साहाय्याने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून, घरीच घडविलेली. गीतही त्याचेच. मध्यंतरी रॉजर टेलरचे ड्रम एकटेच उरतात, मग तो आणि मे एकेक ओळ गाऊन जातात, आणि फ्रेडी, पाचगणीतल्याप्रमाणेच म्हणावे काय, क्षणभर मंडळींतला एक होऊन राहतो. अवघा खेळ पावणेचार मिनिटांचा.

परंतु त्या पावणेचार मिनिटांमागची खटपट लहान नव्हती. १९७१ मध्ये डी लेन ली या कंपनीला वेंब्ली येथील आपल्या नव्या ध्वनिमुद्रणगृहाची यंत्रे पारखून घ्यावयाची होती. तेथे मोठ्याने वाजवावे आणि मोबदल्यात आपली गीते फुकट मुद्रित करून घ्यावीत, असा सौदा या चौघांना लाभला. पुढच्या वर्षी ट्रायडंट मुद्रणगृहात काम मिळाले तेही अशाच अटीवर, की पैसे मोजणारे गायक निघून गेल्यावर जे तास रिकामे राहतील, बहुधा रात्रीचे, तेवढेच यांचे. निरनिराळ्या पट्ट्यांवरील आवाजांचे मिश्रण करताना एकामागून एक मसुदे नामंजूर झाले, आणि अखेर माइक स्टोन या तरुण तंत्रज्ञाचे मिश्रण मान्य झाले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा कारागीर ज्या चिकाटीने घोडी किंचित घासतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो, त्याच जातीचे हे काम; फरक एवढाच, की मिरजेचा कारागीर एकट्याच्या कानावर हवाला ठेवतो आणि लंडनमध्ये अनेकांच्या कानांची संमती लागली. गंमत अशी, की खुद्द मे याला वेंब्लीचे ते पहिले मुद्रणच अधिक पसंत होते. घासण्याची हद्द कोठे संपते हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत मे याच्या बाजूचे आहे.

मुद्रण १९७२ च्या अखेरीस हातावेगळे झाले, तरी विक्रीची जबाबदारी घेणारी कंपनी मिळेपर्यंत ते पडूनच राहिले. मार्च १९७३ मध्ये इएमआयशी करार झाला आणि ६ जुलै १९७३ रोजी तबकडी बाजारात आली. त्याच सुमारास फ्रेडीने ‘लॅरी ल्यूरेक्स’ या टोपणनावाने गायिलेली दुसरीही एक तबकडी निघाली व विस्मृतीत गेली. बीबीसीच्या रेडिओ वनने क्वीनच्या गीताला आपल्या यादीत जागा दिली नाही. उलट त्याच संस्थेच्या दूरचित्रवाणीवरील ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाकडे जी प्रत पोहोचली तिच्यावर गायकांचे नावच नव्हते. संचालकांना गीत आवडले, आणि धावत्या आगगाडीच्या जुन्या व्यंगचित्रपटाची जोड देऊन २४ जुलैला त्यांनी ते प्रक्षेपित केले. विनानावाच्या तबकडीला मिळालेली ही दाद मला त्या सबंध प्रकरणातील सर्वांत निर्मळ वाटते.

इंग्लंडच्या विक्रीक्रमात ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ला त्या वर्षी कोणतेच स्थान मिळाले नाही. क्वीनचे नाव तेथे प्रथम झळकले ते १९७४ साली, दुसऱ्या तबकडीने. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे तिच्यावरील गीत फ्रेडीने रचलेले होते आणि ते दहाव्या क्रमांकापर्यंत चढले.