अंग बाहेर येणें आणि त्यावरील शस्त्रक्रिया

ज्या विकाराचें नांव घरांत मोठ्यानें उच्चारलें जात नाहीं, त्यावर कुटुंबांत वाचावयाच्या मासिकांत लिहावें कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आमच्या मतें अवश्य लिहावें. अंग बाहेर येण्याचें दुखणें स्त्रिया वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोसतात. तें आमच्या कनेरगाव नाक्याकडे जसें, तसेंच शहरांतील सुशिक्षित घरांतही. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं केलेली पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील ६५० स्त्रियांपैकीं शेंकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या मात्र शेंकडा ८ च होत्या. ही पाहणी या एकाच विकाराची नव्हे. पण लपविण्याची रीत किती खोल रुजली आहे, हें तीवरून कळतें.

विकार जुनाच आहे. सुश्रुतानें वीस योनिव्यापदांत 'प्रस्रंसिनी' सांगितली आहे. नांवांतच 'स्रंस्' म्हणजे घसरणें हा धातु आहे. स्नेहन-स्वेदन करून अंग स्वस्थानीं बसवावें, असा आपल्या प्राचीन वैद्यांचा उपचार. ग्रीक वैद्य रुग्णेस शिडीला उलटी बांधून हिसके देत, किंवा अर्धें डाळिंब आधारासाठीं आंत बसवीत! आजचें सिलिकोनचें कडें हें त्या डाळिंबाचेंच सुधारलेलें रूप होय, व शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धेस तें उपयोगीही पडतें.

गर्भाशय हें दोरांवर टांगलेल्या पाळण्यासारखें स्नायुबंधांनीं तोललेलें असतें, आणि खालून स्नायूंचा तळ त्यास आधार देतो. कष्टाच्या प्रसूतींनीं हे बंध ताणले जातात. मँचेस्टर येथें डोनाल्ड यांनीं १८८८ च्या सुमारास जी शस्त्रक्रिया सुरू केली व फॉदरगिल यांनीं पुढें सुधारली, तींत गर्भाशयाची ग्रीवा कांहींशी कापून बाजूचे बंध तिच्यापुढें शिवून घट्ट करीत. परंतु ग्रीवा कापली म्हणजे पुढील गर्भधारणेस बाध येण्याचा संभव. आपल्याकडे हा विकार तरुण वयांतच पुष्कळ दिसे. तेव्हां हा दोष क्षुल्लक नव्हता.

येथें दोन मराठी नांवें अभिमानानें घेण्याजोगीं आहेत. गोव्यांतील शिरोडें येथें १८९९ सालीं जन्मलेले व मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं गर्भाशय राखूनच तें टांगण्याची युक्ति काढली. पोट उघडून ग्रीवेच्या मागील अंगास एक फीत शिवावयाची, व ती पोटाच्या आंतील पडद्याखालून नेऊन पाठीच्या कण्याच्या तळाशीं असलेल्या त्रिकास्थीच्या वरच्या कांठाला बांधावयाची. डावीकडे मोठें आंतडें आड येतें, म्हणून तेथें फीत कमरेच्या स्नायूंतून वळवून घ्यावी लागते. काम नाजूक, पण गर्भाशय आपल्या स्वाभाविक दिशेनें उभें राहतें. मुंबईच्याच पुरंदऱ्यांची रीत निराळी: फीत ग्रीवेच्या पुढील अंगास शिवून पोटाच्या भिंतीच्या कठीण आवरणांत अडकविणें. ही सोपी, मात्र गर्भाशय पुढें ओढलें गेल्यानें मागें पोकळी राहते, व तींतून आंतडें खालीं उतरण्याचें भय असतें.

घरोघर मात्र एकच समजूत: "पिशवी काढून टाकली कीं झालें." पाळणा काढला म्हणून सैल दोर घट्ट होत नाहींत. वय झाल्यावर गर्भाशय काढणें पुष्कळदां योग्यच. परंतु त्याच वेळीं योनीचा माथा मजबूत बंधास बांधला नाहीं, व मूत्राशय आणि गुदाशय यांच्या बाजूच्या सैल भिंती शिवल्या नाहींत, तर कांहीं वर्षांनीं तो माथाच खालीं येतो. नवें तें सर्व उत्तम, असेंही नाहीं. योनिमार्गानें कृत्रिम जाळी बसविण्याची रीत मध्यंतरीं फार बोकाळली होती. तिची निर्भयता सिद्ध न झाल्यानें अमेरिकेच्या नियामक खात्यानें एप्रिल २०१९ मध्यें अशा जाळ्यांची विक्री थांबविली. पोटांतून बांधावयाच्या फितीस ही बंदी लागू नव्हती.

तपासणीस जातांना पुढें अपत्य हवें कीं नको, हें डॉक्टरांस आधींच स्पष्ट सांगावें. शस्त्रक्रियेची निवड बव्हंशीं त्यावरच ठरते. आणि सासूबाईंनीं निदान सहा आठवडे तरी पाण्याची घागर सुनेच्या कमरेवर देऊं नये. जुना खोकला वा मलावरोध असल्यास त्याचा उपचार शस्त्रक्रियेपूर्वींच करून घ्यावा, कारण त्याच्या जोरानें टांके ताणले जातात.