तीर्थरूपांची मोटार

फियाट ११०० या मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २३४० मिलिमीटर. विसाव्या हिश्श्याने ते ११७ भरते. कुर्ल्यास प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली तसली एक मोटार आमच्या तीर्थरूपांनी अलिबागेस ३२ वर्षे चालविली व दृष्टी अधू झाल्यावर विकली. आता तिची प्रतिकृती त्यांस भेट द्यावयाची, तर रंगापेक्षा आकारच महत्त्वाचा. कारण ती ते बोटांनीच पाहणार. पेणचा शाडू जवळचा खरा. परंतु वाळल्यावर हाताळण्यास ठिसूळ, म्हणून शिवणीचे लाकूड घेतले. प्रमाणात दाराची मूठ जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी होते. ती दुप्पट केली. काटेकोर कारागीर दोष देतील, देवोत बापडे! कार्ले खिंडीत डाव्या मडगार्डास आलेला पोचा मात्र मातोश्रींच्या आठवणीबरहुकूम, अगदी मापात कोरला आहे.